काकूंची अट: टेम्पोत बसायचं नाही

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. मडगार्डखाली चिखल जमतो तसे ते जमत राहतात. चालवताना कळत नाही, आणि एक दिवस चाक घासायला लागलं की बसून खरवडावं लागतं. आमच्या गुरुवारच्या मंडळींचं मडगार्ड आता गच्च भरलंय. त्यातला एकाच दिवसाचा चिखल आज खरवडते.

गुरुवार अशासाठी, की भोसरी-चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. जगाचा रविवार असतो तेव्हा आमची मंडळी कामावर असतात. मी चार वर्षं नेदरलँड्समध्ये होते. शहरात सायकलींसाठी रस्ते कसे आखायचे ते शिकले आणि परत आले, ते पिंपरी-चिंचवडच्या लोकांना सायकलवर बसवायचंच असं ठरवून. आल्यावर पहिल्याच आठवड्यात सकाळी साडेपाचला भोसरीच्या रस्त्यावर उभी राहिले, तर पहिल्या शिफ्टला निघालेल्या सायकलींची ही रांग! लोक आधीच बसलेले होते. मी बसवायला येणार आहे, एवढंच त्यांना कुणी कळवलं नव्हतं.

त्या रांगेतूनच मला माझी माणसं मिळाली. संत तुकाराम नगरमध्ये आमच्याच बिल्डिंगमध्ये राहणारे वसंतकाका, एकतीस वर्षं एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. रेखाताई, मूळच्या परभणीच्या, चाकणला गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या लाइनवर. कुरुळीचा संतोष, मेंटेनन्स फिटर आणि उरलेल्या वेळात शेतकरी. आणि चौथी मी, ऋतुजा. संतोष मला 'फॉरेन' म्हणतो.

*

ज्या गुरुवारबद्दल सांगतेय, तो काकांचा आजारपणानंतरचा पहिला होता.

वर्षभरापूर्वी कामावरून सायकलने येताना त्यांच्या छातीत दुखलं. त्यांनी ते दोन दिवस कुणालाही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले, आणि नोकरी लागली त्या वर्षी घेतलेली त्यांची काळी सायकल गॅलरीत जुन्या चादरीखाली गेली.

वर्षाने डॉक्टरांनी परवानगी दिली. मंगलकाकूंनी दिली नाही.

दोन महिने बोलणी चालली. मी मधे पडले, रेखाताई पडल्या, डॉक्टरांचा कागद पुढे ठेवला. शेवटी काकूंनी एक अट घातली. दारातून निघायचं ते सायकलवर आणि दारात यायचं ते सायकलवर. मधे टेम्पोत, रिक्षात, कुणाच्या गाडीवर मागे, कशातही बसलात तर झेपत नाही असा त्याचा अर्थ, आणि सायकल दुसऱ्या दिवशी बारामतीच्या भाच्याला. भाच्याची तिच्यावर कधीपासूनच नजर होती.

काकूंनी हे सगळं कणीक मळता मळता तोंडी सांगितलं. काकांनी ते कागदावर लिहून घेतलं, खाली सही केली, तारीख टाकली, आणि पिठाच्या हातानेच काकूंचीही सही घेतली.

*

काका कुठलीही सायकल तपासल्याशिवाय निघू देत नाहीत. खिशात पिवळ्या रंगाचा मार्कर असतो. नट घट्ट केला की त्याच्यावरून खालच्या भागापर्यंत एक पिवळी रेघ मारायची. रेघ तुटलेली दिसली की नट हलला. कंपनीत अशी पद्धत असते म्हणे. आमच्या चारही सायकलींना हळद लागल्यासारखी दिसते.

त्या सकाळी माझी सायकल तपासताना ते थांबले. घंटी कुठे आहे, म्हणून विचारलं.

मी त्यांना समजावलं, की ही सायकल वजनाला हलकी आहे, हिच्यावर एकेक ग्रॅमचा विचार केलेला असतो, शिवाय मी ओरडू शकते. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चेकलिस्टवर त्या रकान्यात फुली मारून म्हणाले, "मग तू घंटी. आजच्या दिवसापुरती."

मला वाटलं, गंमत करतायत. नाशिक फाट्यापाशी एक बाई मधेच रस्ता ओलांडायला लागल्या आणि मागून काकांचा आवाज आला, "घंटी!"

त्या दिवशी मी पन्नासेक किलोमीटर तोंडाने 'ट्रिंग ट्रिंग' म्हणत गेले. दोन पदव्या आहेत मला.

*

कुरुळीला संतोषच्या घरी थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याची आई रस्त्यावरच उभी असते. दारात एक टेम्पो, एक मोटारसायकल, मागे गोठा, आणि गोठ्याच्या भिंतीला लागून कुठल्याशा कारखान्याची शेड. संतोषच्या आईने आम्हाला भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढला. काकांच्या ताटातला ठेचा तिने स्वतःच काढून घेतला, कारण काकूंचा तिला आधीच फोन येऊन गेला होता.

घरात दोन-दोन गाड्या असताना आपला मुलगा सायकल का दामटतो, हे तिला कळत नव्हतं. मला राहवलं नाही. मी सुरू झाले. म्हटलं, मावशी, मी शिकायला होते त्या देशात सगळे सायकलवर जातात. शिक्षक जातात, डॉक्टर जातात, मंत्रीसुद्धा सायकलवर ऑफिसला जातात. मी खूप मनापासून बोलत होते. हात वगैरे हलवत होते.

तिने सगळं ऐकलं. माझ्या ताटात अजून अर्धी भाकरी टाकली आणि म्हणाली, "व्हय का? मंग त्येंची बी परिस्थिती अशीच म्हनायची. खा बाई."

*

कुरुळी सोडून आम्ही निघोजेमार्गे आत वळलो. कंटेनरच्या रांगा मागे पडल्या. एका बाजूला कांद्याची रोपं, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या शेडी, मधून एक गाडी जाईल एवढाच रस्ता. आणि तिथे रेखाताईंची सायकल पंक्चर झाली.

मी पंक्चरचं सामान काढलं. पण रेखाताईंनी मला थांबवलं. चार माणसं आहेत, लाइन लावू, म्हणाल्या. त्यांच्या कंपनीत एका माणसाने एकच काम करायचं आणि पुढच्याकडे सरकवायचं. मग सायकल उलटी केली. पहिलं स्टेशन संतोष, चाक आणि ट्यूब काढणार. दुसरं रेखाताई, भोक शोधून पॅच लावणार. तिसरी मी, ट्यूब परत बसवून हवा भरणार. काका अखेरची तपासणी.

काय काम झालं महाराजा! संतोषने पापणी लवायच्या आत चाक काढलं. रेखाताईंनी ट्यूब पाण्याच्या बाटलीने ओली करकरून बघितली. पाच-पाच सेकंद दाबून बघितली. भोक नव्हतं. त्यांनी 'ओके' म्हणून माझ्याकडे सरकवली. माझं काम ट्यूब बसवायचं, मी बसवली. हवा भरली. चाक चढलं. बांधावर बसलेले एक आजोबा हे सगळं टीव्ही बघावा तसं बघत होते.

काकांनी सायकल सरळ केली, मागचं चाक दाबलं, आणि रिम जमिनीला टेकली.

संतोषने पुढचं चाक काढलं होतं. पुढचं पटकन निघतं म्हणून. रेखाताईंना ट्यूबमध्ये भोक दिसलं नव्हतं, पण भोक कुठे गेलं हा त्यांच्या स्टेशनचा प्रश्न नव्हता. आणि मी तर चाक कुठलं आहे हेही बघितलं नव्हतं.

काकांनी मार्करचं टोपण लावलं. "तीन स्टेशनं," ते म्हणाले, "तिन्ही ओके. आणि माल खराब."

बांधावरचे आजोबा उठून आले. मागचं चाक मीच काढून देतो, म्हणाले, तुम्ही सगळे जरा लांब उभे राहा.

*

म्हाळुंग्याच्या पुढे टेकडीच्या पायथ्याशी एक छोटं देऊळ आहे. कुठल्या माहितीपत्रकात नाही. पिंपळ, हापसा, आणि दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर काठी घेऊन बसलेले एक म्हातारे गृहस्थ. आम्ही तिथे जेवायला थांबणार होतो.

रेखाताई सर्वांत पुढे होत्या. त्यांनी सायकल लावली, डबा घेतला, दारापाशी गेल्या, आणि त्या खुर्चीसमोर उभं राहून डबा उघडून त्या गृहस्थांपुढे धरला.

आम्हाला कुणालाच कळेना. गृहस्थांनी डब्यात पाहिलं. त्यात दोन पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. त्यांनी एक पोळी उचलली, तिच्यावर चटणी घेतली, कपाळाला लावली आणि खायला सुरुवात केली. रेखाताई तशाच उभ्या.

मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. त्या इतक्या हसल्या, की हापशाला धरून उभ्या राहिल्या. सात वर्षं कंपनीच्या गेटवर आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा, असा रोज दोनदा डबा उघडून दाखवलाय त्यांनी. दार दिसलं, खुर्ची दिसली, काठी दिसली, की हात आपोआप झाकणाकडे जातो.

"पण आमच्या गेटवाल्यानं कधी खाल्लं न्हाई हो," त्या म्हणाल्या.

काकांनी तोपर्यंत मुकाट्याने दोन्ही हात बाजूला पसरले होते. ते त्यांनी हळूच खाली घेतले.

*

काकूंना दर थांब्यावर फोटो पाठवायचा, असंही ठरलं होतं. फोटोत काका, त्यांची सायकल आणि काकांच्या मनगटावरचं घड्याळ, तिन्ही दिसले पाहिजेत.

परतीच्या वाटेवर निघोजेला चहाला थांबलो. मी फोटो काढून पाठवला. काका हसतायत, हातात बिनसाखरेचा चहा, मागे सायकल. अर्ध्या मिनिटात काकूंचा उलटा मेसेज आला. मागच्या बाकावरची भज्यांची प्लेट कुणाची?

मी लिहिलं, संतोषची.

काकूंनी लिहिलं, मग मिरची यांच्या बशीत कशी?

काकांनी फोन माझ्या हातातून घेतला, फोटो मोठा करून पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी एखाद्या कसलेल्या माणसाच्या तोंडावर दुसऱ्या कसलेल्या माणसाला दाद देताना पाहिलंय. आमच्या डिपार्टमेंटला ही हवी होती, म्हणाले.

*

इथवरचे किस्से मी हसत सांगते. पुढचा सांगताना मला आधी एक कबूल करावं लागतं.

आदल्या संध्याकाळी मी टेप घेऊन काकांच्या घरी गेले होते. त्यांचे पाय मोजले, हात मोजले, आणि त्यांची सीट उंच केली, हॅन्डल चांगलं चार बोटं खाली घेतलं. मी तिकडे हे शिकले होते. शरीराचा कोन कसा असावा, हवेचा विरोध कसा कमी होतो. काका म्हणाले होते, की जरा वाकल्यासारखं होतंय. मी म्हटलं, सवय होईल. शिकलेली पोरगी सांगतेय म्हणून त्यांनी ऐकलं.

इंद्रायणीचा पूल ओलांडून मोशीकडचा चढ लागला. घर पंधरा किलोमीटरच्या आत आलं होतं. काका माझ्या पुढे होते. मधेच त्यांनी पाय टेकले आणि सायकल कडेला घेतली.

"थांबा," ते म्हणाले. "मला दुखतंय."

ते ओरडले नाहीत. पण आम्ही तिघंही जागच्या जागी गार पडलो, कारण आम्हाला मागचे ते दोन दिवस माहीत होते. डावा खांदा, तिथून मानेपर्यंत. रेखाताईंनी त्यांना कडेच्या दगडावर बसवलं, हेल्मेट काढलं, ओढणीने वारा घातला. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावत होते, तेवढ्यात संतोषला मागून त्याच्या भावाचा टेम्पो येताना दिसला. कोबी घेऊन मोशीच्या बाजारात निघाला होता. काकांना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं, चारही सायकली कोबीवर टाकल्या, आम्ही तिघं सायकलींमधे बसलो आणि थेट भोसरीचा दवाखाना गाठायला निघालो.

केबिनच्या मागच्या खिडकीतून संतोषने आत तोंड घातलं. काका, डॉक्टर काय म्हणतात ते बघू, तोवर काकींना काय सांगू नका, म्हणाला. सगळं नीट असलं तर तुम्हाला कोपऱ्यावर उतरवतो, तिथून सायकलवर दारात जावा. कुणाला कळनार हाय?

मला लाज वाटते, पण मीसुद्धा मान हलवली. त्या काळ्या सायकलीशिवाय काकांचं वर्ष कसं गेलं, ते मी गॅलरीतल्या चादरीकडे बघत पाहिलं होतं.

काकांनी फोन काढला आणि काकूंना लावला.

"मंगल, मी टेम्पोत बसलोय. खांदा दुखतोय. दवाखान्यात चाललोय. हो, आत्ताच. पाच मिनिटं झाली असतील."

पलीकडून काकूंनी दवाखान्याचं नाव विचारलं असावं, कारण काकांनी ते सांगितलं आणि फोन ठेवला.

आम्ही पोचलो, तेव्हा काकू रिक्षाने येऊन दारात उभ्या होत्या. पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

ईसीजी काढला. रक्त तपासलं. दोन तास थांबवून परत ईसीजी काढला. काकू बाकावर बसून होत्या. रेखाताईंनी त्यांच्या शेजारी बसून त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. मी भिंतीला टेकून उभी होते. चार वर्षांत शिकलेलं सगळं त्या दोन तासांत मला निरुपयोगी वाटलं.

दोन्ही ईसीजी चांगले आले. रक्तही चांगलं. डॉक्टरांनी काकांच्या खांद्यावर एका जागी बोट दाबलं, तर काका टुणकन उठून बसले. स्नायू आखडलाय, डॉक्टर म्हणाले. हृदयाचा काही संबंध नाही. आज काही वेगळं केलंत का?

काका विचारात पडले. त्यांच्याकडे मालात दोष आला की पहिला प्रश्न हाच असतो: कालपर्यंत ठीक होतं, मग बदललं काय? ते पलंगावर बसून बोटं मोजायला लागले. माणूस तोच. रस्ता तोच. वेगही तोच, पोरं पुढे जाऊ देत नव्हती. म्हणजे राहिलं मशीन.

खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली.

मी सांगितलं. टेप, सीट, चार बोटं, सगळं. डॉक्टर हसले. संतोष हसला नाही, आणि त्याबद्दल मी त्याची अजून ऋणी आहे. काकांना मला रागवायचा पूर्ण हक्क होता. ते एवढंच म्हणाले, "बदल केला की लिहून ठेवायचं असतं, पोरी. म्हणजे परत येता येतं."

परत येऊन मला दीड वर्ष झालं होतं. मला कुणी इतक्या मायेने काही शिकवल्याचं आठवत नाही.

*

काका-काकू रिक्षाने निघाले, आम्ही मागून टेम्पोने. बिल्डिंगखाली पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. संतोषने कोबीवरून काळी सायकल अलगद खाली घेतली आणि पार्किंगच्या खांबाला टेकवून उभी केली.

काका तिच्यापाशी गेले. सीटवरची कोबीची पानं झटकली, कुलूप लावलं, किल्ली काढली. खिशातून तो सह्यांचा कागदही काढला. दोन्ही काकूंपुढे धरलं.

"अट मोडली," ते म्हणाले. "भाच्याला फोन कर."

काकूंनी किल्ली घेतली. कागद घेतला, उलगडून वाचला. त्याच्यावर पिठाचे डाग होते. मग तो परत होता तसा घडी करून किल्लीसकट पर्समध्ये टाकला आणि जिन्याकडे निघाल्या. आम्ही चौघं तिथेच उभे. रेखाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. संतोष सायकलच्या हॅन्डलवर हात ठेवून उभा होता, तिला सोडून जायला त्याचा पाय निघत नव्हता.

तीन पायऱ्या चढून काकू थांबल्या. मागे वळल्या नाहीत.

"संतोष, खाली कशाला ठेवतोस? कुणीतरी नेईल. वर घेऊन ये. आणि यांना हात लावू देऊ नकोस, तीन जिने आहेत."